एकही शब्द आमचा नाही

माझ्या आईचं काम करणाऱ्या नटीचे केस मी कापले. या माझ्या हातांनी. कारखान्याला आग लागली तेव्हा आईचे केस डाव्या बाजूने जळाले होते, आणि ते परत वाढेपर्यंत ती कशी दिसायची हे घरच्या माणसाशिवाय कुणाला ठाऊक असणार? म्हणून दिग्दर्शक त्या नटीला घेऊन माझ्या पार्लरमध्ये आला, तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, "ताई, हुबेहूब हवं." मी हुबेहूब केलं. मान वळवून आरशात बघितलं तर आईच बसलेली! मला हुंदका आवरेना. तेव्हापासून आम्ही तिला घरात डुप्लिकेट म्हणायला लागलो, अगदी तिच्या तोंडावर. तीही हसायची बिचारी.

आधी आगीचं सांगते. गाद्यांचा कारखाना. आई शिलाईला, बाबा त्याच मजल्यावर स्टोअरकीपर. भर दुपारी फोमने पेट घेतला आणि मागच्या जिन्याचं दार उघडेना. बाबांनी खिडकीची काच फोडून आईला बाहेर ढकललं. ती खालच्या पत्र्यावर पडली, कंबर मोडली, पण वाचली. बाबा आणि शिलाईतली दोन पोरं आतच राहिली.

कंपनीने काय करावं? सरळ हात वर केले. म्हणे दार उघडंच होतं, स्टोअरकीपरनेच त्याला गाद्यांचे गठ्ठे लावून वाट अडवली होती, त्याच्या हलगर्जीपणाने तिघे गेले. म्हणजे बघा, गेलेला माणूस उठून बोलणार नाही, घाला त्याच्याच डोक्यावर सगळं! त्या दोन पोरांपैकी एक आमच्या समोरच्या काकूंचा. काकूंनी मला अंगाखांद्यावर खेळवलंय. आता मी जिन्यात दिसले की त्या दार लावून घेतात. त्यांना मी काय बोलू? माझ्या बापाने त्यांचा पोरगा मारला, असं त्यांना कंपनीच्या शिकलेल्या माणसांनी घरी येऊन सांगितलंय.

खरं काय झालं ते आईला माहीत होतं. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्या आल्या ती मला म्हणाली, "दारापाशी काही नव्हतं गं. मी ढकललं. बोटभर हललं आणि बाहेरून साखळी वाजली." एवढंच. परत विचारलं तरी तेवढंच, शब्द इकडचा तिकडे नाही. बायका चहाला सटकतात म्हणून सुपरवायझर त्या दाराला बाहेरून साखळी घालून कुलूप लावायचा, हे मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं. पण वाचलेल्या बाकीच्या बायकांना कंपनीने दुसऱ्या कारखान्यात लावून घेतलं आणि त्यांची आठवण एकाएकी गेली. सरकारी चौकशी बसली होती आणि सांगणारी उरली होती एकटी आई. तिच्या साक्षीवर बाबांचं नाव स्वच्छ व्हायचं होतं. मला दुसरं काही नको होतं. नुसतं तेवढं व्हायला हवं होतं.

त्यातच हा दिग्दर्शक उगवला. त्याची ती छातीपर्यंत आलेली दाढी बघून मी त्याचं नाव दाढीच ठेवलं. दुपारी यायचा, आईच्या पलंगाशी स्टुलावर बसायचा आणि तासन्‌तास ऐकायचा. खोटं कशाला बोलू, मला तो आवडला होता. रेकॉर्डर आणायचा नाही. म्हणायचा, "यंत्र समोर ठेवलं की माणूस नाटकी बोलायला लागतो." मग मला धडे द्यायचा. तिकडे मोठ्या देशांत म्हणे नाटकवाल्यांचं कधीपासून हे भांडण चाललंय. एक म्हणतो, रंगमंचावर खरीखुरी खोली उभी करा, खरं टेबल, खरी भांडी, फक्त समोरची भिंत काढून घ्या आणि लोकांना आत डोकावू द्या. दुसरा म्हणतो, छे, असं केलं की लोक अंधारात बसून सुखाने रडतात आणि घरी जाऊन झोपतात; दिवे लावा, तोंडावर सांगा, त्यांना चीड येऊ द्या. "मी दोन्ही करणार, ताई," दाढी म्हणायचा.

आणि केलंच त्याने. रंगमंचावर खरं शिलाई मशीन, त्यात खरा दोरा. हात धुवायच्या नळाला खरं पाणी. खरा फोम, त्याचा तो घशात बसणारा वास. आईचा कामाचा डगला मागून नेला, तो डुप्लिकेटच्या अंगात. बाहेर पोस्टरवर हातभर अक्षरं: 'एकही शब्द आमचा नाही'. म्हणजे सगळं बोलणं कामगारांचं, जसंच्या तसं.

पहिल्या प्रयोगाला आई पुढच्या रांगेत. शेवटी डुप्लिकेट त्या दाराशी येते. "दारापाशी काही नव्हतं. मी ढकललं." मग थांबते. "बोटभर हललं." पुन्हा थांबते. एक दिवा उजवीकडे पेटतो आणि तिथे साहेब, कारखान्याचा मालक, उभा. डुप्लिकेट म्हणते, "फटीतून साहेब दिसला. किल्ली बोटावर फिरवत होता." झालं! सगळं नाट्यगृह पेटलं. बायका रडल्या, पुरुष उभे राहून ओरडले. प्रेक्षकांवर दिवे लागले, आईला हाताला धरून वर नेलं, आणि टाळ्या थांबेचनात.

मी चाट पडले. साहेब? हे तर आई मला कधी बोलली नव्हती! पण वाटलं, मुलीला सांगवलं नसेल, त्याला सांगितलं असेल. आया मुलींपासून पुष्कळ लपवतात. मग मी तो विषय काढलाच नाही. आई प्रत्येक प्रयोगाला जायला लागली. गाडी यायची, काठी टेकत उतरायची, पुढच्या रांगेत बसायची. इतकी वर्षं तिचं कुणी ऐकलं नव्हतं आणि आता भरलेलं नाट्यगृह तिच्यासाठी उभं राहत होतं. तिला अडवायचं कुणाच्या जिवावर आलं नसतं?

चौकशीचा दिवस आला. लांबट खोली, टेबलामागे चौकशी अधिकारी बाई, कोपऱ्यात टाइप करणारी मुलगी, समोर कंपनीचा वकील. आईने सुरुवात झकास केली. काही नव्हतं, ढकललं, बोटभर हललं. आणि मग बोलली, "फटीतून साहेब दिसला. किल्ली बोटावर फिरवत होता."

वकील चिडला नाही, काही नाही. "आजी, परत सांगता का?" गोड आवाजात. आईने परत सांगितलं. मग त्याने फाइलमधून फोटो काढले. त्या दुपारी साहेब त्याच्या मुलीच्या शाळेत बक्षिसं वाटत होता. मागे घड्याळ, शेजारी मुख्याध्यापिका, सगळं साग्रसंगीत. मग त्याने फोन टेबलावर ठेवला आणि नाटकाचं शूटिंग लावलं. डुप्लिकेटचा आवाज खोलीभर झाला. तेच वाक्य, तीच थांबण्याची जागा. "मॅडम," वकील म्हणाला, "ही साक्ष आहे की तालीम?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढची तारीख पडली.

बाहेर बाकावर आईला विचारलं, "आई, शपथ आहे तुला माझी. पाहिलास तू साहेब?"

"पाहिला ना," ती म्हणाली. "अजून दिसतो मला. असा, या बाजूला." आणि तिने उजवीकडे हात दाखवला. रंगमंचावर तो दिवा पेटायचा तिथे.

मी तशीच तालमीच्या हॉलवर गेले. दाढी जमिनीवर बसून चहा पीत होता, डुप्लिकेट भिंतीशी बूट काढत होती.

"किल्लीचं वाक्य कुणाचं?" मी विचारलं.

"ताई, वाक्य असं एका माणसाचं नसतं..."

"सरळ बोला हो!"

त्याने कप खाली ठेवला. "मी लिहिलं."

"का?"

"साखळी वाजली, एवढ्यावर प्रेक्षक पेटत नाही. चीड यायला समोर एक चेहरा लागतो."

"चेहरा लागतो? तिघांचा कोळसा झाला, ते चेहरे नाही पुरले तुम्हाला?" माझा आवाज चढला. "नळाला खरं पाणी, मशीनला खरा दोरा, तिचे केस मी खरे कापून दिले, आणि वाक्य तेवढं खोटं!"

"खोटं नाही. ते सत्याचं सार आहे. शेवटी किल्लीचा मालक साहेबच ना?"

आता यात तो चुकत होता असंही नाही. म्हणून तर जास्त संताप आला. "चौकशीत सार चालत नाही. तिथे त्या दुपारी साहेब कुठे होता तेच विचारतात. चला, माझ्याबरोबर या आणि त्या बाईंना सांगा की हे वाक्य तुमचं आहे."

मग म्हणाला की परदेशातल्या मोठ्या महोत्सवाने नाटक बोलावलंय, तेही पोस्टरवरच्या त्या ओळीमुळे. एक वाक्य आपलं म्हटलं की बाकीच्या सगळ्यांवर संशय येणार, आणि मग फायदा कंपनीचाच. "जरा लांबचं बघा, ताई. हे लाखो लोकांपर्यंत पोचेल."

"लाखो लोकांना कळून मी काय करू?" मी ओरडले. "मला समोरच्या काकूंना कळायला हवंय!" माझ्या तोंडचं 'अहो' केव्हा गेलं कळलंच नाही. "अरे, तू लोकांना चीड आणायला निघालास ना? ही बघ आली. तुझ्यासमोर उभी आहे. आता घाबरतोस कशाला?"

त्याने डुप्लिकेटकडे बघितलं, जणू तीच त्याला सोडवणार होती. ती बुटाची नाडी हातात धरून तशीच बसली होती.

पुढच्या तारखेला सकाळीच दाढी विमानात बसला. मी आशा सोडली. वकील कागद गोळा करायला लागला होता, तेवढ्यात दार ढकलून डुप्लिकेट आत आली. डोक्याला रुमाल, हातात पिशवी. म्हणाली, मला सांगायचंय. आणि सांगितलं, अगदी स्वच्छ सांगितलं. वाक्य तालमीत दिग्दर्शकाने आणलं होतं. मावशींनी, म्हणजे आईने, ते पहिल्यांदा ऐकलं ते तिच्या तोंडून, पहिल्या प्रयोगाला. वकिलाने तिला वेडंवाकडं विचारलं, "नटीवर विश्वास कसा ठेवायचा?" तर ती म्हणाली, "आज मी विमानात असायला हवी होते. इथे येऊन माझं काम गेलंय. एवढ्यावर ठेवा." मी तिला तिथेच मिठी मारणार होते.

अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चष्मा पुसला, म्हणाल्या, "ते वाक्य आपण बाजूला ठेवू. आजी, आता फक्त तुमचं सांगा. सावकाश. घाई नाही."

आई काठी टेकून उठली. काठी खुर्चीला लावली आणि दोन्ही हात पुढे धरले, समोर दार असल्यासारखे. हॉस्पिटलमध्ये तिने हात हलवलेही नव्हते. "दारापाशी काही नव्हतं," ती म्हणाली. "मी ढकललं." आणि थांबली. बरोबर तिथेच, तेवढंच. "बोटभर हललं."

परत थांबली. तिने उजवीकडे बघितलं. तिथे नुसतं कपाट होतं. टाइप करणाऱ्या मुलीची बोटं तशीच वर राहिली. आईचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल गं, बोल, दोन शब्द उरलेत! आई कावरीबावरी झाली. मग तिने मान वळवली आणि डुप्लिकेटला हळूच, विश्वासाने विचारलं, "पुढचं माझं काय आहे गं?"

डुप्लिकेटने तोंडावर हात दाबून धरला. तिला येत होतं. सगळ्यांत जास्त तिलाच येत होतं, आणि तिने एक अक्षर सांगितलं असतं तर खेळ तिथेच खलास झाला असता. ती पोरगी शहाणी. ती गप्प राहिली.

मी शहाणी नाही. मी ताडकन उठले. "साखळी! आई, साखळी वाजली! दार बाहेरून बंद होतं!"

"तुम्ही होता का तिथे?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नाही, पण..."

"मग खाली बसा."

"हो, हो, साखळी," आई म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला. "साखळी वाजली बाहेरून. तेच तर."

"मॅडम," वकील जागेवरूनच म्हणाला, "हे मुलीने सांगितल्यावर बोलल्या, एवढं लिहून घ्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. त्यांनाही वाईट वाटलं असेल, मला त्याचं काय करायचंय? त्यांनी कोपऱ्याकडे मान हलवली आणि त्या मुलीने ते लिहून घेतलं.