डावीकडचा उतार

सकाळी गॅस पेटवायच्या आधी मी डब्यातून एक मूठ तांदूळ काढते आणि देवघराखालच्या तांब्याच्या घागरीत सोडते. ती मूठ अंबाबाईची. पौर्णिमेला घागर अन्नछत्रात रिकामी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली मूठ. लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी सासूबाईंनी हा नेम माझ्या हातात दिला, त्याला एकोणतीस वर्षं झाली.

गेल्या माघात न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं पहिल्यासारखी मिटेनात. मूठ वळली की करंगळीच्या फटीतून दाणे ओघळतात. मी कुणाला बोलले नाही. पण थोरल्या जाऊबाईंच्या, चिमणाबाईंच्या नजरेतून काय सुटतंय!

“शालू, ही मूठ हाय का चिमूट?” चहाची बशी तोंडाला लावता लावता त्या म्हणाल्या. “पन्नास ग्रॅम तरी भरत आसंल का? देवीला काय कळत न्हाय व्हय?”

त्या हसल्या, चहा पिऊन गेल्या. माझ्या मनात मात्र पन्नास हा आकडा रुतून बसला. देवीचं माप कमी पडतंय, मग नेम चालवायचा कशाला? मी गुरुजींना फोन केला आणि कार्तिकी पौर्णिमेला उद्यापन करायचं ठरवून टाकलं. घरात कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी शेवटची घागर द्यायची आणि हात जोडून मोकळं व्हायचं.

आषाढ संपत आला होता. अनुजा, माझ्या नणंदेची मुलगी, हातकणंगल्याहून आमच्याकडे कॉलेजसाठी राहायला आलेली. संख्याशास्त्र शिकते. इथल्या सगळ्या पोरींसारखी ‘येतो-जातो’ बोलते आणि देवघराच्या उंबऱ्यावर बसून केस विंचरते, म्हणून रोज माझी बोलणी खाते. एके सकाळी ती माझी मूठ बघत राहिली.

“मामी, ही मूठ रोज सारखीच असते का ओ?”

मी घागरीवर झाकण ठेवलं. “का गं?”

“सरांनी शंभर मापं आणायला सांगितल्यात. एकच गोष्ट, शंभरदा मोजलेली. आमच्या वर्गातली राजनंदिनी बसस्टॉपवर उभी राहून केएमटीच्या बस मोजणाराय, म्हणजे तिचं प्रोजेक्ट पुढच्या वर्षी संपंल. मला तुमची मूठ द्या की.”

“देवीचं तोलत नसतात, बाई.”

“घागरीत पडायच्या आधी कुठं देवीचं असतंय? तवर नुसता तांदूळच की तो.”

लाडवाचं पीठ मोजायचा वजनकाटा तिने पाटावर ठेवला. देवघराशेजारच्या भिंतीवर चौकटींचा कागद चिकटवला, खाली आकडे मांडले, दोन-दोन ग्रॅमचं एक घर. मूठ वाटीत सोडायची, काटा बघायचा, पूजेनंतर त्या घरावर कुंकवाचं एक बोट लावायचं आणि मग वाटी घागरीत. तिचं कॉलेज सकाळचं, म्हणून ठिपका मीच लावायचा असं ठरलं.

पहिले आठ-दहा दिवस ठिपके अंगणात उधळलेल्या दाण्यांसारखे कुठेही पडले. मग एकावर एक चढू लागले.

“यातून डोंगर हुणार बघा,” अनुजा म्हणाली. “मधी उंच, दोन्हीकडं उतरता. सर घंटेसारखा म्हणतात.”

“तुला आधीच कसं ठाऊक?”

“कुठल्या दिवशी तुमची बोटं आखडलेली, कुठल्या दिवशी तांदूळ दमट. कधी झोप झालेली, कधी दुधाची गडबड. अशी बारीक बारीक शंभर कारणं हायत मामी, कुणी मूठ वर ढकलतंय, कुणी खाली. बहुतेक दिवशी त्यांची आपापसात फिटंफाट हुती, म्हणून मधी गर्दी. सगळ्यांनी मिळून एकाच बाजूला ढकललं, असं क्वचित. म्हणून कडेला एखाद-दुसराच.”

मला ते नीटसं कळलं नाही, पण मनात राहून गेलं. श्रावणात दुपारी जप करायला बसले की डोळे मिटायचे आणि समोर जोतिबाचा डोंगर यायचा. त्याच्यावर बायका चढत असायच्या, प्रत्येकीच्या हातात दिवा. माथ्याकडे दिव्यांची दाटी, पायथ्याशी दोन-चार. पायथ्याच्या बाईला मी विचारायची, तुम्ही मागे का राहिलात? ती दिव्याची ज्योत पदराआड धरून माझ्याकडे बघायची. डोळे उघडले की बोटांत माळ तशीच आणि बाहेर पागोळ्या.

गणपती बसले त्या आठवड्यात चाळीस ठिपके झाले. अनुजा कागदासमोर उभी राहिली, मागे सरकली, पुन्हा जवळ गेली.

“मामी, डावीकडचा उतार कुठाय?”

मी निरांजन पुसत राहिले.

“पन्नासच्या खाली एक ठिपका न्हाय. विळीनं कापल्यागत. आणि ह्या पन्नासच्या घरात वीस! ही काय दीपमाळ हाय व्हय? तुम्ही करताय तरी काय?”

खोटं बोलायचं नाही, हाही माझा नेम आहे. “काटा पन्नासच्या खाली दिसला, की मी पन्नास भरेपर्यंत दाणे घालते,” मी म्हणाले. “कमी पडलेली मूठ तिला कशी देऊ गं?”

अनुजाने कपाळावर हात मारला. “देवीसाठी माझं प्रोजेक्ट बुडवलंसा की ओ!” मग माझा चेहरा बघून ती मटकन खाली बसली. “मामी, काय झालंय?”

मी सगळं सांगितलं. जाऊबाईंचं बोलणं, निसटणारे दाणे, गुरुजींना केलेला फोन. तिने माझा उजवा हात हातात घेऊन बोटं उघडमीट करून बघितली.

“उद्यापासनं नवा कागद,” ती म्हणाली. “शंभर न्हाय तर साठ. सरांना मी सांगतो. तुम्ही डोळे मिटून मूठ सोडायची. कॉलेजला निघायच्या आधी काटा मी बघणार, ठिपका मी लावणार, आणि कागद झाकून ठेवणार. पडंल ती मूठ द्यायची. वर एक दाणा न्हाय.”

“आणि कमी पडली तर?”

“तर कमी पडली.”

ते साठ दिवस मला फार जड गेले. डोळे मिटून मूठ वाटीवर उघडायची आणि दाण्यांचा आवाज ऐकायचा. काही दिवशी तो आवाज लवकर संपायचा. मला कळायचं, आज कमी आहे. दुसरा हात डब्याकडे जायला बघायचा. मी तो पदरात गुंडाळून ठेवायची आणि मनात म्हणायची, आई, आज एवढंच आहे. नवरात्रात उपवासाने बोटं सैल झाली, तेव्हा तर रोज म्हणायची. दिवाळीत अनुजा गावी गेली. काटा वाचायला आमचे हे बसले, तर ते आकडा मोठ्याने बोलायला लागले. मी कानात बोटं घालून पाठ फिरवली.

“तुझं काय चाललंय काय मला कळंना,” ते म्हणाले. पण ठिपका नीट लावला.

पौर्णिमेला तीन दिवस असताना साठावा ठिपका पडला. अनुजाने कागदावरचा रुमाल काढला.

डोंगर होता. थोडा खडबडीत, एका ठिकाणी दात पडल्यासारखी खाच, पण डोंगरच. डावीकडून चढत आलेला, उजवीकडे उतरलेला. बावन्नच्या आसपास लाल दाटी, साठातले एकेचाळीस ठिपके सत्तेचाळीस ते सत्तावन्नच्या आत. उजव्या टोकाला चौसष्टचा एकटा ठिपका. आणि डाव्या टोकाला, सगळ्यांपासून लांब, एक. एक्केचाळीस.

“हा कुठला दिवस?”

तिने वही बघितली. “घटस्थापनेचा.”

मला आठवलं. त्या पहाटे बोटं मिटतच नव्हती आणि आवाज चटकन संपला होता. पाठीमागे पदराची गाठ मी घट्ट धरली होती.

“हा ठिपका काढला तर?” मी विचारलं.

“तर डोंगर तुटंल की. पहिल्या कागदासारखा.”

तेवढ्यात जाऊबाई आल्या. अनुजाने त्यांना आत येऊ दिलं आणि गोड आवाजात म्हणाली, “थोरल्या मामी, जरा दहा मुठी सोडा की.” त्यांनी बांगड्या मागे सारून ऐटीत सोडल्या. दहा मुठी, दहा आकडे. एक अट्ठेचाळीस, एक एकसष्ट.

“काटा बिघडलाय तुमचा,” जाऊबाई म्हणाल्या. पुन्हा दोन सोडल्या. मग स्वतःच्या धडधाकट तळव्याकडे बघत बसल्या. मी चहा टाकला.

संध्याकाळी गुरुजींना फोन करून सांगितलं, पौर्णिमेला घागर नेहमीसारखी जाईल, उद्यापन नको. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, हात चालतोय अजून.

कागद अनुजाने सरांना नेऊन दिला. पहिला, तुटका, मी मागून घेतला आणि घडी करून देवीच्या तसबिरीमागे ठेवला. वजनकाटा पुन्हा पिठाच्या डब्यांशेजारी गेला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रिकाम्या घागरीत पहिली मूठ सोडली. घागर रिकामी असली की दाणे मोठ्याने वाजतात. आवाज लवकर थांबला. मी झाकण लावलं आणि गॅस पेटवला.