कुंपणाला टेकलेली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे. तुम्ही म्हणाल, चढतात माणसं, हिला कसला आलाय थकवा? पण मी थकले आहे खरी, आणि तेही उभी राहून राहून!

वस्फियामावशीच्या नवऱ्याने मला सुरूच्या लाकडातून घडवलं. खाली रुंद, वर निमुळती; जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, फांद्यांत अलगद शिरता यावं म्हणून. तोडणीच्या दिवसांत माझा काय रुबाब असायचा! खाली अंथरलेल्या चादरींवर टपटप जैतुनं पडायची आणि तो म्हणायचा, "ही शिडी नाही, घरातली थोरली सून आहे. सगळा भार हिच्यावर!"

तो गेला. मग गाव आणि झाडं यांच्या मधोमध इस्रायली सैन्याचं कुंपण आलं. त्याला एक पिवळं फाटक. सैनिक येऊन ते सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जरा वेळ उघडतात. पलीकडे जायला परवाना लागतो. मावशीच्या मुलांना तो मिळालाच नाही. मी वर्षभर गोठ्यात कोळ्यांना सांभाळत बसते.

यंदा मावशीला परवाना मिळाला, आणि बघता बघता त्याचा शेवटचा दिवस आला. वरच्या फांद्या अजून तोडायच्या होत्या. मावशीने माझं एक टोक धरलं, तिच्या पंधरा वर्षांच्या नातीने, रीमाने, दुसरं. आम्ही पोचलो तर फाटकाला कुलूप आणि समोर जीपचा धुरळा!

तिथे नुरितबाई उभ्या होत्या. त्या इस्रायली. त्या आणि त्यांच्या मैत्रिणी स्वतःहून येतात, पगार ना काही. फाटकाशी काय चाललंय ते पाहायचं आणि अडलं तर वरच्यांना फोन करायचे, एवढंच त्यांचं काम.

"मावशी, रात्री तुमच्याकडची घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली ना?" नुरितबाई मोडक्यातोडक्या अरबीत म्हणाल्या. "आमची अजून गेली नाहीत. फाटक आमच्या घड्याळावर चालतं, म्हणून तुमच्या तासभर आधीच उघडून बंद झालं. मी सैनिकांना थांबा म्हटलं, पण ऐकतात कुठे!"

मावशीने कपाळाला हात लावला. "एवढंसं आभाळ आणि त्यात दोन घड्याळं! सूर्याला तरी विचारलंत का, तो कुणाचं घड्याळ वापरतो?"

"आजी, त्यालासुद्धा परवाना लागत असेल," रीमा म्हणाली. तिघी हसल्या.

नुरितबाई फोन करत राहिल्या. एक म्हणे त्याला विचारा, तो म्हणे तिला विचारा. मावशीने झातर मसाला लावलेली रोटी मोडून निम्मी त्यांना दिली. "खा गं. पाहून पाहून पोट भरत नाही."

दुपारी जीप आली. नवा सैनिक होता. त्याने मावशीला सोडलं आणि रीमाला अडवलं.

"हिचा परवाना?"

"अरे, काल तर सोडलं होतं!"

"काल मी नव्हतो."

"मग मी धरते दुसरं टोक," नुरितबाई पुढे झाल्या.

"तुम्हाला पलीकडे परवानगी नाही, बाई."

मला एकटीने उचलणं मावशीला शक्यच नव्हतं. तिने मला कुंपणाला टेकवलं आणि काठी घेऊन एकटीच गेली. मला तिथून आमची झाडं दिसत होती, मित्रांनो. मावशी खालच्या फांद्या झोडपत होती. वरच्यांकडे नुसती मान वर करून बघत होती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा पोतं अर्धंही भरलं नव्हतं. "वरची तशीच राहिली गं," ती रीमाला म्हणाली. "काळीभोर झालीत. हातच पुरत नाही."

नुरितबाई तोवर थांबल्या होत्या. त्यांनी माझं एक टोक उचललं, रीमाने दुसरं. दिवसभर मला पलीकडे न्यायला दुसरं माणूस मिळालं नव्हतं. आता मिळालं, तेही घराकडे परतताना.

तुमच्या घरी शिडी असेल तर तिला पावसात टाकू नका, सैल पायरी वेळेवर ठोकून घ्या. माझ्या पायऱ्या मात्र अजून पक्क्या आहेत. मला डागडुजी नको. मला फक्त झाडाला टेकवा.