घुगरीवाचून उभी

मी पुतळी बोलतेय. देवळातली नाही हो, कापडाच्या दुकानातली. हात जोडू नका, नुसतं ऐका.

ढाणकीच्या बाजारात अब्दुल गनींचं साड्यांचं दुकान होतं. मी तिथं दारातच उभी असायची. लग्नसराईत मला रोज नवा शालू नेसवत आणि संध्याकाळी तोच उतरवून कुणाच्या तरी पिशवीत घालत. गनीचाचा म्हणायचे, "आमची हे पोरगी साऱ्या गावाचे लगनं लावून राह्यली, हिचंच राह्यलं!" गिऱ्हाईक हसायचं. मला असा संताप यायचा!

मग पायाचा स्क्रू ढिला झाला, दोन बोटं तुटली, नव्या पुतळ्या आल्या. मी गेले माळ्यावर, तोंड भिंतीकडे. तिथून मला यवतमाळच्या या वस्त्रसंग्रहालयात आणलं. इथल्या ममता मॅडमनी मला धुतलं, पुसलं, केसांचा टोप घातला.

एक दिवस तांड्यावरून सुखीबाई आल्या. बंजारा म्हातारी, ताठ मानेची. त्यांनी स्वतःच्या लग्नातला फेटिया आणि ओढणी आणली होती. फेटिया म्हणजे त्यांचा घागरा, आरसे आणि कवड्या लावलेला. मला नेसवला तेव्हा कळलं, काय वजन त्याचं, बाप रे! माझा ढिला पाय लटपटला, पण मी ठरवलं, काही झालं तरी पडायचं नाही.

"आता घुगरी बांधा," मॅडम म्हणाल्या. घुगरी म्हणजे कानाजवळ केसांना बांधायचे चांदीचे झुबके. सुखीबाईंनी ती कनवटीची काढली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हिचं लगन झालं काय?"

"अहो, पुतळी आहे ती!"

"पुतळी असो नाहीतर राणी. कुवारीले घुगरी बांधत नसतात."

पुन्हा तेच! इथंही माझं लग्न आडवं आलं.

सुखीबाईंनी घुगरी मुठीत धरली. मग म्हणाल्या, "माही नात हाय, दीपा. तिचं लगन ठरलं. पोरगी म्हणते, तांड्यातलं काहीच अंगावर घालत नाही, लोकं हासतात. तिले येथी घेऊन येईन. तरीबी नाहीच म्हणली, त हिलेच बांधून देईन. कुवारी असली तरी. घरात ठेवून कायले?"

खरं सांगते, मला ती घुगरी हवी होती. आयुष्यभर उसनी नवरी झाले, एक वस्तू तरी माझी राहू दे. दीपा नाही म्हणू दे, असं मी मनात घोकत होते.

दीपा आली ती जीन्स घालून. माझ्यासमोर दोन मुली फोटो काढत होत्या. एक हसली, "हे गाठोडं घालून चालायच्या कशा गं?" सुखीबाईंनी मान खाली घातली. ती ताठ मान अशी वाकलेली मला बघवेना. माझा हट्ट तिथंच संपला. बोल पोरी, काहीतरी बोल!

दीपाचे कान लाल झाले. ती पुढं आली, माझी घसरलेली ओढणी तिनं सारखी केली.

"माझ्या दादीचा फेटिया आहे हा," ती त्या मुलींना म्हणाली. "चालायची कशाला? नाचायची ती यात."

सुखीबाईंनी मूठ उघडली. "मंग घुगरी बांधू हिले?"

दीपानं ती मूठ आपल्या हातांनी मिटवली.

"हिचं लगन कुठं झालं, दादी? माह्यं हाय ना पुढच्या महिन्यात."

सुखीबाई हसल्या आणि रडल्याही. मी काय रडणार? पण ढिल्या पायावर त्या दिवशी जशी उभी राहिले, तशी गनीचाचांच्या दारातही कधी राहिले नव्हते.

आजही फेटिया पेलून उभी आहे. लोक म्हणतात, दागिना विसरले वाटतं, पुतळी अर्धवटच सजवली. अर्धवट नाही हो! तुम्ही आलात तर माझ्या कानांजवळ जरा थांबा. तिथं काही दिसणार नाही. घुगरी दीपाच्या केसांत आहे, आणि ती तिथं आहे तोवर मी इथून हलणार नाही.