पहिला आकडा

वजनं उचलायच्या खोलीत शिरलं की फूटपट्टीला आधी मळमळायचं आणि मग कामाची आठवण व्हायची. रबरी गाद्यांना आंबट घाम मुरलेला, लोखंड हाताला ओलसर लागायचं, कोपऱ्यात कुणाचा तरी आठवडाभराचा टॉवेल आणि खिडकीत न धुतलेल्या प्रोटीनच्या बाटल्यांची रांग. खेळाडूंनी ताकद कमवायची ती असल्या उकिरड्यात, हे तिला कधीच पटलं नव्हतं. फूटपट्टी हे नाव पोरींनी ठेवलेलं. अकादमीत कोण किती वेगानं पळालं, किती उंच उडालं, हे मोजायची तिची नोकरी होती आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाचीही ती कुणाला सूट देत नसे.

या उकिरड्याचा राजा तिचा सख्खा थोरला भाऊ होता. दादाचं म्हणणं एकच, खांद्यावर जड बार घ्या आणि बैठका मारा, वेग आपोआप येईल. नव्यानं आलेले उडीवाले सर म्हणायचे, खोक्यांवरून उड्या मारा, पायात चपळाई येईल. दोघांचं वर्षभर इतकं वाजलं की शेवटी समितीनं फूटपट्टीलाच मध्ये घातलं. वीस मुली, दहा इकडे, दहा तिकडे. आठ आठवड्यांच्या आधी आणि नंतर तीस मीटरची धाव मोजायची. ज्याच्या मुली जास्त सुधारतील त्याचीच पद्धत पुढच्या वर्षी सगळ्या ऐंशी पोरांना, त्यात नऊ वर्षांची चिल्लीपिल्लीही आली. अहवालावर सही फूटपट्टीची. आणि दादाच्या दहा जणींत तिची पंधरा वर्षांची लेक.

निकाल लागला तो एकतर्फी. उड्यांवाल्या मुली सरासरी सात शतांश सेकंदांनी सुधारल्या, दादाच्या मुली तेवीस शतांशांनी. लेकीनं तर कमालच केली, चार पूर्णांक शहाण्णववरून चार एकाहत्तर, म्हणजे पाव सेकंद. तिनं तो आकडा कागदावर मोठा लिहून कपाटाच्या दारावर चिकटवला, येताजाता त्याला हात लावायला लागली. आजवर ही पोरगी कायम चौथी, कायम थोडक्यात राहिलेली. त्या आठवड्यात ती घरात गाणं म्हणत फिरली.

सही करायला बसल्यावर फूटपट्टीचा पेन अडला. तीस मीटरमध्ये पाव सेकंद म्हणजे एक अख्खी ढांग. आठ आठवड्यांत एखादीला लाभेल, पण दहाही जणींना? तिला आठवलं की वेळ मोजायचे नवे खांब आले तेव्हा ते नीट चालतात का हे बघायला तिनं सगळ्यांना एकदा पळवलं होतं, पहिल्या चाचणीच्या सहाच दिवस आधी. यंत्रात ते आकडे होते. उड्यांवाल्या मुलींचे दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे. दादाच्या मुली मात्र चाचणीच्या दिवशी झाडून सगळ्या मंदावलेल्या. दहाच्या दहा जणींना एकाच दिवशी सर्दी होत नसते.

तिनं त्यांच्यातल्या थोरलीला सहज म्हणून विचारलं. तीही बुटाची नाडी बांधता बांधता सहज सांगून गेली, की चाचणीच्या आदल्या दिवशी आमच्या सरांनी, म्हणजे दादानं, गॅलरीच्या पायऱ्या चढवल्या होत्या, जोडीदारणीला पाठीवर घेऊन, चाळीस फेऱ्या. पाय मोकळे होतात म्हणाले. दुसऱ्या दिवशी मुलींना संडासात बसता येत नव्हतं, असं सांगून ती हसली.

फूटपट्टीला हसू आलं नाही. ही पद्धतींची परीक्षा नव्हतीच. पोरींना आधी लंगडं करायचं आणि मग त्या चालायला लागल्या की औषधाचं नाव घ्यायचं. बैठका वाईट नव्हत्या, वजनंही वाईट नव्हती, नीट केली असती तर कदाचित जिंकलीही असती. पण याला तेवढा धीर कुठला!

दादा त्याच खोलीत बाटली तोंडाला लावून उभा होता. ओठांवर फेसाची पांढरी मिशी. तिनं आकडे पुढे धरले. तो ओशाळेल असं तिला वाटलं होतं, तो साधा गडबडलाही नाही.

"सगळेच करतात," तो म्हणाला. "पहिला आकडा जरा खाली ठेवायचा. वाढ दिसली की पोरींना हुरूप येतो."

"पोरींना की तुला?"

"तुझी लेक एवढी खूश कधी होती ते सांग. आईबाप जे करू शकले नाहीत ते मी केलंय." त्यानं मनगटानं तोंड पुसलं आणि तोच हात तिच्या खांद्यावर ठेवला. "सही कर आणि मोकळी हो."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार काय? लहानपणी याच हाताला धरून ती शाळेत गेली होती. आज तो खांद्यावरून उतरल्यावरही चिकट लागत राहिला. घरी जाऊन तिनं साबणानं दोनदा खांदा धुतला आणि तिला स्वतःचाच राग आला. हात त्याचा खरा, पण पहिल्या चाचणीला लेक पाय ओढत आली होती. आईनं बघून न बघितल्यासारखं केलं होतं, कारण फूटपट्टी कुणाला सूट देत नाही, असं तिला सगळ्यांना दाखवायचं होतं.

लेकीला तिनं काहीही न लपवता सांगितलं. मुलगी म्हणाली, तुझे खांब बिघडलेत, परत मोज.

दोन दिवस विश्रांती देऊन तिसऱ्या सकाळी तिनं लेकीला मैदानावर नेलं. पहिल्या धावेला चार एकाहत्तर. मुलगी दम न घेताच परत निघाली होती, फूटपट्टीनं तिला दहा मिनिटं बळंच बसवलं. दुसऱ्या धावेला चार सत्तर. पहिल्या चाचणीच्या सहा दिवस आधीचा, कुणी न थकवता घेतलेला आकडाही चार सत्तरच होता. आठ आठवडे पोरीनं खांदे सोलून घेतले होते आणि ती होती तिथेच होती.

लेक यंत्रासमोर वाकून दोन्ही आकडे बघत राहिली. आता ही मामाला शिव्या घालणार, या अपेक्षेनं फूटपट्टी तिच्या पाठीवर हात फिरवायला पुढे झाली. मुलीनं अंग आक्रसून घेतलं. किळस आल्यावर माणूस बाजूला होतो तशीच ती बाजूला झाली.

"मामानं मला फास्ट केलं होतं," ती म्हणाली. "तू मला परत स्लो केलंस."

ती बूट हातात घेऊन अनवाणीच फाटकाकडे गेली. फूटपट्टी तिथेच गवतावर बसली आणि तिनं अहवाल नव्यानं लिहायला घेतला. पहिली ओळ तिनं लेकीची लिहिली. आधी चार सत्तर, नंतर चार एकाहत्तर. सुधारणा नाही.