दिसलं तेवढंच

टाचणीचं टोक काळ्या फितीतून आरपार आलं, क्षणभर उन्हात चमकलं आणि पुन्हा कापडात शिरलं. नाहिदची बोटं नीट चालत नव्हती. रुख्मिणीबाई हनुवटी वर धरून उभी होती आणि नबी साहेबांच्या हाताखालची ही तरुण वकीलबाई तिच्या पदरावर फीत टाचत होती. कालही रडलेली दिसते, रुख्मिणीबाईच्या मनात आलं, आणि आज सकाळीही... आणि काहीतरी सांगायचं आहे, ते जिभेवर धरून ठेवलंय.

"मावशी," नाहिद शेवटी म्हणाली, "तुमची साक्ष आज होणार नाही. वकील संघानं ठराव केलाय. साहेबांना श्रद्धांजली म्हणून आज काम बंद."

बंद. म्हणजे पहाटे वारंगा फाट्यावरून जीपमध्ये बसल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती, भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखी मान ताठ ठेवून आली होती – एकही शब्द हिंदकळू नये म्हणून – आणि आता ती घागर तशीच परत न्यायची. साहेब असते तर? पण साहेब असते तर काम बंद कशाला झालं असतं!

"ठराव कुणी मांडला?"

नाहिदनं मान फिरवली. "मुळे वकिलांनी."

मुळे वकील आरोपी फौजदाराचे. दर तारखेला पुढची तारीख मागणारे. कधी गुडघा, कधी कागद आले नाहीत, कधी घरचं लग्न. आणि गुलाम नबी साहेब, नांदेडला डायलिसिसच्या मशीनवरून उठून आलेले, काळ्या कोटाच्या बाहीत सुजलेला हात लपवून व्हरांड्यात तिच्याशेजारी बसायचे आणि हसायचे. "रुख्मिणीबाई, हे लोक माझ्या मरणाची तारीख मागून राहिलेत." कसे हसायचे ते! स्वतःच्या मरणावर माणूस असं हसतो, हे तिनं आधी पाहिलं नव्हतं. मिळाली त्यांना ती तारीख. आणि आता साहेबांच्याच नावानं आणखी एक. दिवाळीनंतरची.

तिचा पोरगा सेवा. विहिरीवरची मोटार चोरली म्हणून धरून नेलेला. संध्याकाळी ती भाकरी घेऊन ठाण्यावर गेली तेव्हा भिंतीला टेकून बसलेला होता, आणि सकाळी सरकारी दवाखान्यात नुसता... पोरानं स्वतःच जीव दिला असं ठाण्यानं लिहिलं, आणि ते तसंच राहिलं असतं. नबी साहेब खंडपीठापर्यंत गेले, पुन्हा चौकशी लावली, फौजदाराला आरोपी म्हणून उभं केलं. सरकारी वकील बदलत गेले, साहेब मात्र प्रत्येकाच्या शेजारी बसत राहिले.

कोर्टाच्या फाटकासमोरच्या चहाच्या बाकावर रामप्रसाद दिसला. तिचा पुतण्या. सेवासोबत त्या रात्री त्याच कोठडीत होता, दुसरा साक्षीदार तोच. सकाळी फाट्यावर तिनं त्याची किती वाट पाहिली होती. शेजारी बारीक केसांचा एक माणूस बसलेला, पायात पोलिसांचे असतात तसे तपकिरी बूट.

"काकी," रामप्रसाद उठला नाही, "काहून ताणून राहिली आता? साहेबच न्हाई राहिले. आपल्याला तांड्यावरच दिवस काढायचे हायेत."

ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. शब्दांचं काही नाही, माणूस घाबरतो. पण हा मराठीत बोलतोय. तिच्याशी – जिनं त्याला मांडीवर घेऊन गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत, गाणी म्हटली तिच्याशी – हा आज मराठीत बोलतोय, म्हणजे ते तिच्यासाठी नव्हतंच. शेजारच्याला कळावं म्हणून होतं. ती वळली आणि फाटकातून आत गेली.

वकिलांच्या खोलीत साहेबांचा फोटो, झेंडूचा हार, उदबत्ती. नाहिदनं तिला मागच्या रांगेत बसवलं. एकेक वकील उठून बोलू लागला. शांत स्वभाव, हजरजबाबी. शेर ऐकवावा तर नबी साहेबांनीच, चहा पाजावा तर नबी साहेबांनीच. सगळं खरं होतं, आणि तरी ऐकताना तिला वाटत होतं, हे साहेबांना हळूहळू पुसत चाललेत, ओल्या फडक्यानं पाटी पुसावी तसं. कोठडी हा शब्द कुणी उच्चारला नाही. रात्री-अपरात्री पोरं उचलली गेली की कुणाच्या दारावर थाप पडायची, ते कुणी बोललं नाही. मुळे वकील बोलताना तर खरोखर रडले, आणि ते खोटं नव्हतं याचीच तिला जास्त भीती वाटली.

मग दारात सावली आली. फौजदार. आता मोठ्या हुद्द्यावर, दुसऱ्या जिल्ह्यात, जामिनावर. तारखेसाठी आलेला, पांढरा शर्ट घालून. त्यानं फोटोपुढे फुलं वाहिली, हात जोडले, आणि मागे येऊन उभा राहिला – तिच्या खुर्चीच्या अगदी मागे.

"दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या," कुणीतरी म्हणालं.

सगळे उभे राहिले. पंखा फिरत होता. त्याचा श्वास तिच्या मानेवर... नाही, मानेवर नाही, तसं वाटलं. वाटलेलं सांगायचं नाही. साहेबांनी किती वेळा बजावलं होतं, "जेवढं दिसलं तेवढंच, बाई. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही." मग काय दिसलं? सेवाचे तळवे, काळेनिळे, वांग्यासारखे. भाकरी त्यानं हातात घेतली आणि मोडता आली नाही, बोटं मिटत नव्हती, मग मी मोडून दिली. रांजणाजवळ हा उभा होता, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि हात धूत होता. उद्या ने पोराला, म्हणाला. किती वेळ धूत होता! "हात धूत होता, एवढंच सांगा," साहेब म्हणायचे, "काहून धूत होता ते जजसाहेब ठरवतील." तेच हात आता माझ्या मागे जोडलेले आहेत, की सोडलेले आहेत, मला दिसत नाही... दिसत नाही.

दोन मिनिटं संपली. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कुणाला दोन शब्द?"

कुणी उठलं नाही. सगळे खाली बसले आणि रुख्मिणीबाई उभीच राहिली. आपण बसायला विसरलो, असं तिला वाटलं, आणि मग कळलं की विसरलो नाही.

"मला भाषण येत न्हाई," ती म्हणाली. "साहेबांनी शिकवलं, दिसलं तेवढंच सांगायचं. म्या पाहिलं, साहेब तांड्यावर आले तवा त्यांचे पाय सुजलेले व्हते. खाट टाकली तर बसले न्हाईत, माझ्याम्होरं भुईवर बसले. माझ्या लेकराचं नाव इचारलं. चोर म्हणून सगळ्यांनी इचारलं व्हतं, नाव कुणी इचारलं न्हाई. म्या पाहिलं, मशीनवरून उठून आले, हाताची पट्टी रगतानं भिजलेली, तरी माझी तारीख सोडली न्हाई. बराबर येळेवर आले. म्या पाहिलं, त्यांना लई तकलीफ व्हती." ती थांबली. "आन् म्या अजून पाहिलंय. ते दिवाळीनंतर सांगते."

ती बसली. मुळे वकील टेबलावरच्या फुलांकडे पाहत होते.

बाहेर व्हरांड्यात गर्दी पांगली. फौजदार जाताना तिच्यापाशी थांबला. आवाज मऊ होता, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"बाई, तब्येत सांभाळा. दिवाळी लांब आहे."

आणि गेला. नाहिदनं तिचं मनगट पकडलं. "मी उभी राहीन, मावशी. साहेबांच्या जागी मीच." पण तिचा हात बर्फासारखा होता, आणि रुख्मिणीबाईनं तो दोन्ही हातांत धरून चोळला. कोण कुणाला धीर देत होतं, कळत नव्हतं.

परतीच्या जीपला गर्दी होती. सेवा गेल्यापासून ती नेहमी मागच्या फळीवर बसायची, पाय बाहेर सोडून, पडलो तर पडलो. आज तिथे जागा होती. ती फळीपाशी आली, थबकली, आणि आतल्या बायांना म्हणाली, "जरा सरका."

कळमनुरी मागे पडलं. दोन्ही बाजूंना हळदीची रुंद पानं, वाऱ्याशिवाय स्थिर. मागून एक मोटारसायकल येत होती. रस्ता मोकळा होता तरी पुढे जात नव्हती. जाईल, वळेल कुठेतरी... आपल्याच गावाचं कुणी असेल. घराचं दार आतून नीट लागत नाही, तिला आठवलं. विहिरीवर एकटं जायला नको. इतकी वर्षं तिनं असा विचार कधी केला नव्हता. मरण हे तिच्यापुढे होतं, जेवणासारखं, आलं तर आलं. आणि आता छातीत हे काय धडधडतंय, प्रत्येक वळणावर जीव मुठीत येतोय – हे तर भिणं आहे. साहेबांना हेच ठाऊक होतं का, रोज सकाळी, हात मशीनला देताना? आणि त्यावरही हसायचे?

मला जगायचंय, असं तिच्या मनात आलं, आणि त्या शब्दांनी ती एवढी दचकली की शेजारची बाई वळून म्हणाली, "काय झालं वं?"

"काई न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाली, आणि वरची दांडी दोन्ही हातांनी धरली.