पहिली रिंग कोणाची

थोरलीचं म्हणणं एवढंच होतं की राबली ती, आणि फोन उचलला धाकटीने.

राबली म्हणजे खरोखरच राबली. तारेवरचे जुने फोन बंद होणार अशी कंपनीची सूचना आली, तेव्हा आईने एकच धोशा लावला, "फोन गेला तर जाऊ दे, पण नंबर जाता कामा नये." तो नंबर बाबांनी घेतलेला. सगळ्या गोतावळ्याला तोंडपाठ. आईला मोबाइल घेऊन दिला होता, पण हरवेल म्हणून ती तो कपाटात कपड्यांच्या घडीखाली ठेवायची.

धाकटी राहायची विमानाच्या अंतरावर. ती म्हणाली, "ताई, इंटरनेटवरून फोन घेऊ. नंबर तोच राहतो. खातं मी इथून उघडते, तू फक्त घरचं बघ."

त्या 'फक्त'मध्ये सगळं आलं. थोरली दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. तिथून रजा काढून तिने जुन्या कंपनीच्या कचेरीत खेटे घातले. तिथला कारकून आधी लाइन बंद करण्याचा अर्ज मागत होता. ती म्हणाली, "आधी बंद केली तर नंबर हातचा जाईल. तो नव्या कंपनीकडे जाऊ दे, मग तुमची लाइन आपोआप बंद होईल." बाबांच्या नावावरचं कनेक्शन आईच्या नावावर करून घेतलं. शेवटी जोडणीवाला आला. त्याने इंटरनेटच्या डबीशेजारी आणखी एक छोटी डबी बसवली, आईचा जुना फोन तिला जोडला आणि थोरलीच्या मोबाइलवर कंपनीचं अ‍ॅपही टाकून दिलं. फोन खणखणीत वाजला. आईचा चेहरा उजळला. म्हणाली, "लाव आधी धाकटीला. खूश होईल पोर."

थोरलीने नंबर फिरवला, पण कचेरीतले खेटे कोणी घातले हे तिच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने लॅबमधून नेहमीसारखा घरी फोन केला.

"आई, जेवलीस का?"

"ताई, मी बोलतेय."

थोरलीला वाटलं, न सांगता आली की काय ही! "तू कधी आलीस?"

"कुठे आले? ऑफिसच्या जिन्यात आहे मी." धाकटी हसत सुटली. "अगं, घरचा फोन वाजला की माझा मोबाइलही वाजतो. जो आधी उचलेल त्याचा कॉल. मस्त आहे ना?"

"हो, मस्तच," थोरली म्हणाली आणि हातातलं कवळीचं मेण तिने इतकं दाबलं की त्यात बसवलेले पुढचे दात तिरके झाले.

मग हे रोजचंच झालं. नळवाल्याचा फोन धाकटी घेई, दवाखान्यातली वेळ धाकटी ठरवी. थोरलीने संध्याकाळी काही सांगायला जावं, तर आई म्हणे, "कळलं मला, धाकटीने सांगितलं." एकदा शेजारीणबाई जिन्यात थांबवून म्हणाल्या, "धाकटी इतक्या लांबून घराचं किती बघते हो! दुसऱ्या रिंगला फोन उचलते." थोरलीच्या दोन्ही हातांत आईचं वाणसामान होतं. ती तोंडदेखलं हसली. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

घरी येऊन तिने अ‍ॅप उघडलं. 'फोन कुठे कुठे वाजेल' या सदरात आईचा फोन होता आणि खाली धाकटीचा नंबर. थोरलीने तो पुसून टाकला. चोरी केल्यासारखं वाटलं, पण बरंही वाटलं.

दोन दिवसांनी धाकटीने तिला मोबाइलवर विचारलं, "ताई, माझ्याकडे घरचे कॉल येत नाहीत गं."

"मला काय माहीत? तुझं ते यंत्रतंत्र."

"बरं," म्हणून धाकटीने फोन ठेवला.

आता दुपारी आईच फोन उचलायची. थोरली विचारी, आई उत्तर देई. सगळं पहिल्यासारखं झालं असं थोरलीला वाटू लागलं, तोच आईच्या जुन्या मैत्रिणीची सून लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे रडून सुजलेले.

"तुमच्या आईंना काय झालंय? माझे सासरे गेले हो. सासूबाईंनी सगळ्यांत आधी तुमच्याकडे फोन केला. तर तुमच्या आई म्हणाल्या, 'छान, छान! फार बरं झालं,' आणि ठेवून दिला. सासूबाई तेव्हापासून पाण्याला शिवल्या नाहीत."

एप्रन न काढताच थोरली घरी धावली.

आईने ऐकलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. "मला वाटलं, नातवंडाचं काही सांगतेय. मला ऐकूच येत नाही गं फोनवर. नुसती गुणगुण येते. मग मी हो हो, छान छान म्हणते आणि ठेवते."

"पण माझं तर ऐकू येतं!"

"तू त्या यंत्रांच्या घरघरीत काम करतेस. ओरडूनच बोलतेस. तुझं शेजाऱ्यांनाही ऐकू जातं." आईने कपाटातून मोबाइल काढला. त्यावर मोठ्या अक्षरांतले धाकटीचे निरोप ओळीने होते. कोणाचा फोन आला, काय म्हणाले, केव्हा येणार. "तीच म्हणाली, फोन मी घेते आणि तुला लिहून पाठवते. हल्ली का घेत नाही, कोण जाणे."

थोरली ते वाचत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "तिला सांगितलंस. मला का नाही?"

आईने कानामागे हात धरला. थोरलीला पुन्हा, मोठ्याने विचारावं लागलं.

"तू दुसऱ्या दिवशी मला डॉक्टरसमोर नेऊन बसवलं असतंस."

"बसवलंच असतं! मग काय करायचं असतं?"

"तिने विचारलं, आई, तुला काय हवंय? मी म्हटलं, थोडे दिवस कोणाला कळू नये, एवढंच."

थोरली गॅलरीत गेली आणि तिने धाकटीला फोन लावला.

"तुझा नंबर मी काढला होता."

"माहीत आहे. अ‍ॅपवर दिसतं, कोणी काढला ते."

"मग भांडली का नाहीस?"

"तू रोज आईसमोर बसतेस, ताई. तिच्या हातचा चहा पितेस. माझ्या वाट्याला नुसतं 'हॅलो' होतं. तेही तुला बघवलं नाही, तर भांडून काय मिळणार होतं?"

थोरलीचे डोळे भरून आले, पण पीळ काही सुटेना. "तुझा नंबर घालते परत," ती म्हणाली. "पण माझाही नंबर घालणार. पहिली रिंग माझी. मी नाही घेतला तर तुझी."

"चालेल. पण आईला डॉक्टरकडे ओढत नेऊ नकोस. आधी विचार."

"तू शिकवू नकोस मला."

"नाही शिकवत."

दुसऱ्या दिवशी थोरली आईला घेऊन मैत्रिणीकडे गेली. मैत्रीण तोंड फिरवून बसली होती. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि भरल्या घरात म्हणाली, "मला ऐकू येत नाही गं. काय सांगितलंस ते मला कळलंच नाही." मैत्रिणीने तोंड वळवून तिच्याकडे पाहिलं. मग तिला जवळ बसवून घेतलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते पहिल्यापासून सांगू लागली. दोघी रडत होत्या.

थोरलीच्या पर्समध्ये मोबाइल थरथरला. घरच्या नंबरवर कोणीतरी फोन करत होतं. तिने तो हातात घेतला. उचलायला अंगठा शिवशिवत होता. आता धाकटीचा वाजेल, ती गोड आवाजात 'हॅलो' म्हणेल, आणि मग ते आईला कौतुकाने लिहून पाठवेल, हे सगळं थोरलीला डोळ्यांपुढे दिसत होतं.

ती मोबाइल हातात धरून, तो थरथरायचा थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.