बत्तीस इंचांवरची रेघ

"काकू, हात कोपरात वाकवा बघू. हां, तस्साच ठेवा. आता हलू नका."

काकू हलल्या नाहीत, उलट श्वासही रोखून उभ्या राहिल्या. गेली चाळीस वर्षं त्या गल्लीभरच्या बायकांना हेच सांगत आल्या होत्या. हात वाकवा, ताठ उभ्या राहा, हलू नका. ब्लाउज शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात कायम टेप असते, पण त्या टेपने तिचं माप घ्यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. आज फरशीचा मिस्त्री गुडघ्यावर बसून जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंतचं अंतर मोजत होता, आणि साठी उलटलेल्या काकूंना उगाचच लाजल्यासारखं झालं.

"कोपराच्या खाली चार बोटं, तिथं ओटा," मिस्त्री म्हणाला. "तुमचा आला बत्तीस इंच. आता ही पेन्सिल कुठं कडमडली?"

काकूंनी कमरेच्या पिशवीतून कापडावर खुणा करायचा चपटा निळा खडू काढून दिला. मिस्त्रीने पोपडे काढलेल्या भिंतीवर एक ठसठशीत रेघ ओढली.

"आणि आधीचा ओटा किती होता हो?" काकूंनी विचारलं.

"छत्तीस."

"तरीच! चाळीस वर्षं आमचा छत्तीसचा आकडा होता."

मिस्त्री हसला. काकूही हसल्या, पण त्यांचा उजवा खांदा काही हसला नाही. तो ओटा बांधणाऱ्याने कुणाच्या उंचीने बांधला होता देव जाणे! काकू जेमतेम पावणेपाच फूट. लग्न होऊन या घरात आल्या, पहिलं भांडं चुलीवर ठेवलं आणि टाचा उंचावल्या. आठव्या दिवशी त्यांनी पायाखाली एक लाकडी पाट घेतला. त्या पाटावर उभं राहून त्यांनी दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, बाळंतपणानंतरही केला, तापातही केला. पाटाच्या मधोमध दोन पावलांच्या जागा झिजून फिक्या पडल्या होत्या.

बरं, ओटा उंच तर उंच, निदान उजेड तरी असावा! खिडकी होती, नव्हती असं नाही. पण दिरांची बदली झाली तेव्हा त्यांनी आपलं लोखंडी कपाट "दोन महिन्यांपुरतं" म्हणून खिडकीला टेकून ठेवलं. दीर पुढं नोकरीतून निवृत्त झाले, आजोबा झाले, कपाट तसूभर हललं नाही. भर दुपारी बारा वाजता दिवा लावून तांदूळ निवडायचे. काकू म्हणायच्या, "अहो, ते कपाट तेवढं हलवा." काका म्हणायचे, "बघू." त्या एका 'बघू'वर बाईचं निम्मं आयुष्य गेलं.

आणि बाथरूमची तर बातच सोडा. दार आत उघडणारं आणि आत जागा इतकी, की आधी भिंतीला चिकटायचं, मग पोट आत घेऊन दार लावायचं. दोन वर्षांपूर्वी काकू तिथं पाय घसरून पडल्या त्या नेमक्या दाराला आडव्या. काका बाहेरून दार ढकलत होते, ते काकूंच्या कमरेत रुतत होतं, आणि काका ओरडत होते, "अगं, जरा बाजूला हो ना!" मोडल्या कमरेची बाई बाजूला होणार कशी, हे त्या शहाण्या माणसाला सुचलं नाही. शेवटी काकूच इंच इंच सरकल्या, तेव्हा दार उघडलं. त्यानंतर तरी दार बाहेर उघडणारं करावं की नाही? छे. "बघू."

म्हणूनच महिन्याभरापूर्वी काकांनी आपण होऊन म्हटलं, "स्वयंपाकघर आणि बाथरूम नीट करून घेऊ या," तेव्हा काकूंना वाटलं, दगडाला पाझर फुटला. त्या रात्री त्यांना आनंदाने झोप लागली नाही. बाथरूमसाठी खडबडीत फरशी त्यांनीच निवडली, भिंतीला फिकट पिवळा रंग सांगितला. कपाट खाली गेलं त्या दिवशी सकाळी अकराला खिडकीतून उन्हाचा एक लांबच लांब पट्टा आत आला. काकूंनी त्यात नुसता हात धरला आणि बांगड्यांचा खरा रंग बघितला.

रेघ ओढून झाल्यावर काकू शिवलेले कपडे पोचवायला दोन गल्ल्या पलीकडे गेल्या. तासाभरात परतल्या तर बैठकीत चिरंजीव बसलेले. काम सोडून मधल्या वारी कसा आला म्हणून त्यांना नवल वाटलं, बरंही वाटलं. "थांब हं, चहा टाकते," म्हणत त्या आत गेल्या आणि थबकल्या.

भिंतीवरची निळी रेघ गायब. तिथं नुसता पुसट निळा डाग होता, आणि चार इंच वर पेन्सिलची नवी रेघ.

"मिस्त्री, माझी रेघ कुठं गेली?"

मिस्त्री घमेल्यात सिमेंट कालवत होता. त्याने मान वर केली नाही. "काका म्हणाले, छत्तीसवरच घ्या."

"का पण?"

"येणारी पार्टी उंच आहे म्हणाले."

"कसली पार्टी?"

मिस्त्रीचा हात थांबला. "घर विकताय ना? तुम्हाला... ठाऊक नाही काकू?"

काकू बाहेर आल्या. काका वर्तमानपत्र धरून बसले होते. धरलेल्या हाताचा तळवा निळा झाला होता.

"हे तुम्ही पुसलंत?"

काकांनी तळवा लेंग्याला पुसला. आता लेंगाही निळा झाला.

"आई, आधी चिडू नकोस," चिरंजीव म्हणाले. "तुला उगाच त्रास नको म्हणून सांगितलं नव्हतं. दलाल म्हणाला, स्वयंपाकघर अंधारं, बाथरूम एवढंसं, असं घर कोण घेणार? नीट केलंत तर एक जोडपं घ्यायला तयार आहे. तुम्हा दोघांना आमच्याकडे मागची खोली आहेच की. स्वयंपाकाला बाई आहे. तुला ओट्यापाशी उभंच राहायला नको."

"आणि माझं मशीन?"

चिरंजीवांनी बापाकडे बघितलं. "आता किती दिवस शिवत बसणार तू?"

ऐकलंत? पोराच्या शाळेचे गणवेश ज्या मशीनवर झाले, त्या मशीनला आता जागा नाही. काकूंच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या.

"तीस वर्षं मी उजेड मागितला," त्या म्हणाल्या. "तोंड दुखलं माझं. मी पडले तरी ते दार तसंच. आणि जिचं अजून नाव-गाव माहीत नाही, त्या बाईसाठी चार दिवसांत खिडकी मोकळी? लाज नाही वाटत?"

"अगं, पण चार इंचांनी काय आभाळ कोसळतंय?" काका म्हणाले.

"नाही ना कोसळत? मग उतरवा की चार इंच!"

"त्यांना वाकावं लागेल."

"वाकू देत. मी चाळीस वर्षं टाचा वर केल्या, तेव्हा कुणाच्या पोटात दुखलं नाही."

"आई, आता सगळं ठरलंय," चिरंजीवांचा आवाज चढला. "तुझी फक्त सही हवी."

घर दोघांच्या नावावर होतं. बायकोचं नाव घातलं की काहीतरी सवलत मिळत होती, म्हणून काकांनी ते घातलं होतं आणि घालून विसरलेही होते. काकूसुद्धा विसरल्या होत्या. त्यांना ते आत्ता आठवलं.

"माझी सही हवी?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग ठरलंय कुठं?"

काकू आत गेल्या, भिंतीपाशी ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात कोपरात वाकवला.

"मिस्त्री, घ्या माप. मी हलत नाही."

मिस्त्रीने दारात आलेल्या काकांकडे पाहिलं. मग थापीच्या कडेने पेन्सिलची रेघ खरवडून काढली, गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "खडू द्या, काकू."

चिरंजीव चहा न घेताच गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत काम संपलं. बाथरूमचं दार बाहेर उघडायला लागलं. आत भिंतीला धरायला एक दांडीही बसली, ती मिस्त्रीने न सांगता बसवली. जाताना त्याने पाट उचलून विचारलं, "हा टाकून देऊ?" काकूंनी त्यावरच्या दोन फिक्या जागा बघितल्या आणि म्हणाल्या, "राहू दे." मुलाचा मात्र फोन आला नाही. काकूंना ते लागलं, फार लागलं. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा त्या फोन चालू आहे ना ते बघायच्या.

कपाटाच्या रिकाम्या जागी आता त्यांचं मशीन आलं होतं. अकरा वाजले होते. उन्हाचा पट्टा ओट्यावरून उतरून मशीनच्या सुईपर्यंत पोचला होता. काका आपला कप विसळायला आले. चांगले उंचेपुरे गृहस्थ ते. ओट्याशी वाकले, कमरेवर हात ठेवला, आणखी वाकले. कप विसळताना त्यांनी दोनदा बायकोकडे पाहिलं, ती काही म्हणेल म्हणून.

"जपून हं," काकू वर न बघता म्हणाल्या. "पाठ धरेल."

आणि त्यांनी दोरा जिभेवर ओला करून सुईत घातला. पहिल्याच खेपेला गेला.